वकीलकाकूंना विचारा : शंभर पावलं की शंभर मीटर?

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा सोडला, तर निम्म्याहून जास्त पत्रं घरांचीच निघाली. कुणाचा वाडा पडतोय, कुणाची सोसायटी ‘रिडेव्हलपमेंट’ला चाललीय, कुणी भायलीला फ्लॅट बुक करायला निघालंय. मी पस्तीस वर्षं बडोद्याच्या रावपुऱ्यात दस्तावेजांचं काम केलं. कोर्टात उभी राहिले त्याहून जास्त सबरजिस्ट्रारच्या बाहेरच्या बाकावर बसले. त्यामुळे या विषयावर मला आवरत नाही, हे संपादकांनाही ठाऊक आहे. त्यांनी या खेपेला दोन पानं वाढवून दिलीत. सासू-सुनांच्या पत्रांना कधी दिली नव्हती.

प्रश्न : वकीलकाकूंना सा. न. रावपुऱ्यात आमचा वाडा आहे, तांबेकर वाड्यापासून शंभर पावलांवर. आजोबांनी १९५२ साली विकत घेतलेला. ते १९७८ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही, आणि वाडा अजून त्यांच्याच नावावर आहे. आजीही गेली. त्यांना तीन मुलगे, दोन मुली. आता वारस मिळून आम्ही अकरा जण : एक चुलतभाऊ न्यू जर्सीला, दोघे पुण्यात, थोरली आत्या कारेलीबागेत. धाकटी आत्या वारली, तिची मुलं नाशिकला. वाड्यात राहतो फक्त मी आणि आई. एक बिल्डर सात मजल्यांची बिल्डिंग करतो म्हणतो. खाली दुकानं, वर आम्हाला चार फ्लॅट. आता पाच लाख देऊन बानाखत (विक्रीआधीचा करार, साठेखत) आणि पॉवर ऑफ अॅटर्नी मागतोय. “आत्यांचं मागाहून बघू,” म्हणतो. पुण्याचे भाऊ तयार आहेत. मी सही करू का?
– एक वाचक, रावपुरा

नका करू. निदान टेप लावून मोजेपर्यंत तरी नको.

तुम्ही ‘शंभर पावलं’ असं सहज लिहून गेलात, पण तुमच्या सगळ्या पत्रातला महत्त्वाचा शब्द तोच आहे. तांबेकर वाडा म्हणजे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा. आतल्या भिंतींवरच्या चित्रांसाठी तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा याबाबत फार कडक झालाय. त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र : तिथे बांधता येतं, पण परवानगी घेऊन आणि उंचीबिंचीच्या अटी पाळून. माणसाचं पाऊल दोन-अडीच फुटांचं धरा. म्हणजे शंभर पावलं चालून तुम्ही शंभर मीटरच्या आतच राहता. तुमचा वाडा खरोखर तेवढ्यावर असेल तर तिथे सात मजले सोडा, एक मजलाही नव्याने उभा राहणार नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, तीही परवानगीनेच.

आता मला सांगा, हे त्या बिल्डरला ठाऊक नसेल? रावपुऱ्यात धंदा करणाऱ्याला? मग तो पाच लाख कशाचे देतोय? मी अशी प्रकरणं पाहिली आहेत. बानाखत करायचं, ते रजिस्टर करायचं, मुदतीच्या रकान्यात “सर्व परवानग्या मिळाल्यापासून” असं मोघम लिहायचं, आणि मग बसून राहायचं. परवानगी मिळतच नाही, म्हणून मुदत सुरूच होत नाही. दरम्यान तुम्हाला दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, कारण कागदावर त्याचा हक्क चढलेला असतो. दहा वर्षांनी वाड्याचा सज्जा खाली येतो, तुमची आई थकते, आणि तो पडेल भावात घेतो. तुमचा बिल्डर असाच आहे असं मी म्हणत नाही. पण तांबेकर वाड्याच्या हद्दीच्या भिंतीपासून तुमच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर त्याने लेखी दाखवावं, एवढं मागा. चेहरा बघा त्याचा.

समजा अंतर एकशे चाळीस मीटर निघालं आणि बांधकाम होऊ शकतंय. तरीही सही करू नका, कारण तुमचं घर अजून कागदावर तुमचं नाहीच. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबा आहेत. वेराबिलावर (घरपट्टीच्या बिलावर) तुमचं नाव आलं असेल, पण वेराबिल म्हणजे मालकी नव्हे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की ह्यांनी एकदा झोपेत ऐकलं म्हणे. आधी सगळ्यांचे मृत्यूचे दाखले गोळा करा, पंचांसमक्ष तलाठ्याकडून पेढीनामा (वंशावळ) करून घ्या आणि वारसाईची नोंद पाडा. अकरा डोकी असली तरी वाटे पाचच आहेत : तीन मुलगे, दोन मुली, सारखे. लोक हल्ली मुलींच्या हक्काचं निघालं की २००५ चा कायदा सांगतात. तो वडिलोपार्जित मालमत्तेसाठी. तुमच्या आजोबांचं घर स्वकष्टाचं होतं, ते १९७८ मध्ये गेले. त्याला १९५६ चाच वारसा कायदा पुरे. तेव्हापासून दोन्ही आत्या भावांच्या बरोबरीच्या मालक आहेत. धाकटीचा वाटा तिच्या मुलांचा. तेव्हा ‘आत्यांचं मागाहून बघू’ याचा अर्थ पाचांतले दोन वाटे विकायचा अधिकार नसताना तुम्ही विकायला निघालात, एवढाच.

आणि आत्यांकडून ‘हक्क कमी’ करून घ्यायचं असेल (महाराष्ट्रात याला हक्कसोडपत्र म्हणतात, आपल्याकडे सबरजिस्ट्रारच्या तोंडी गुजराती शब्दच आहे), तर पैसे देऊन आणि समजावून करा. हे मी कायद्याच्या पुस्तकातून सांगत नाही. दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं माहेरचं घर होतं. मधे चौक, चौकात विहीर. १९९४ च्या भाऊबीजेला मी ओवाळलं, भावाने ताटात साडी ठेवली, आणि साडीच्या घडीत स्टॅम्पपेपर होता. मी वकील. दुसऱ्याच्या कागदावरची एक वेलांटी चुकली तर परत पाठवणारी. आणि मी तो न वाचता, चौरंगावर ठेवून सही केला, कारण वाचायला चष्मा काढला असता तर वहिनीला काय वाटलं असतं! पुढे ज्या बिल्डरने ते घर घेतलं त्याने अठरा महिने सांगून सहा वर्षं लावली. भाडं अकराव्या महिन्यात बंद केलं. चार भाऊ भाड्याच्या घरांत एकमेकांशी भांडत राहिले, आणि भांडण सोडवायला कुणाकडे जायचे? त्याच बिल्डरकडे. तो शेव-उसळ मागवायचा, एकाला दुसऱ्याचं सांगायचा. घरात वडीलधारं कुणी उरलं नाही की बिल्डर वडीलधारा होतो, हे मी तिथे बघितलं. विहीर बुजवून तिथे स्कूटरी लावतात.

म्हणून पॉवर ऑफ अॅटर्नी अजिबात देऊ नका. न्यू जर्सीच्या भावाला यायला जमत नसेल तर त्याने ती तुमच्या किंवा पुण्याच्या भावाच्या नावे द्यावी. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन करून पाठवावी आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिला स्टॅम्प लावून घ्यावा. त्याला हेही सांगा की कराचं गणित त्याचं वेगळं आहे. २३ जुलै २०२४ च्या आधीपासूनची मालमत्ता असेल तर तुम्हा इथल्यांना साडेबारा टक्के की इंडेक्सेशन धरून वीस टक्के, यांत कमी पडेल ते निवडता येतं. अनिवासी भारतीयाला ही निवड नाही. दोघांनाही १ एप्रिल २००१ ची किंमत मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून काढून घ्यावी लागेल. आजोबांनी किती हजारांत घेतला होता त्याला आता अर्थ नाही.

आणखी एक. जुन्या शहराचे बरेच भाग १९९१ च्या अशांत धाऱ्याखाली, म्हणजे अशांत भागांच्या कायद्याखाली येतात. तुमचा सिटी सर्व्हे नंबर त्या यादीत असेल तर विक्रीआधी कलेक्टरांची परवानगी लागते, घेणारा कोणत्याही धर्माचा असो. दस्तावेज लिहिणारा “ते मी बघतो” म्हणाला तर त्याला म्हणा, आधी दाखवा.

प्रश्न : काकू, मी ७४ वर्षांची, एकटी राहते. कारेलीबागेत १९८६ सालची आमची सोळा फ्लॅटची बिल्डिंग. माझा तळमजला. ऑगस्ट २०२४ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं होतं. आता सगळ्यांनी बिल्डिंग पाडून नवीन करायचं ठरवलंय. तेरा जणांनी सह्या केल्या. मी, शेजारचे निवृत्त मास्तर आणि वरचे एक जण अशा आम्ही तिघांनी केल्या नाहीत. सेक्रेटरी म्हणतात, “आजी, तुमच्या नसण्याने अडत नाही.” असं बोलू शकतात का? मला हे घर सोडायचं नाही. माझा झोपाळा आहे, दारात तुळस आहे.
– एक वाचक, कारेलीबाग

बोलायला नको होतं. पण बोलले ते कायद्याला धरून आहे, हे मला वाईट वाटत असूनही सांगावं लागतंय. गुजरातच्या ओनरशिप फ्लॅट कायद्यात २०१८ मध्ये बदल झाला. त्याआधी एकाने नाही म्हटलं तरी सगळं अडायचं, आणि त्या एकाला गप्प करण्यासाठी काय काय चालायचं ते मी लिहीत नाही. आता बिल्डिंगला पंचवीस वर्षं झाली असतील आणि पंचाहत्तर टक्के मालकांची संमती असेल, तर पाडता येते. सोळाचे पंचाहत्तर टक्के बारा. त्यांच्याकडे तेरा आहेत.

तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची ताकद तुमच्याकडे नाही. पण ‘कशावर हो’ हे ठरवायची ताकद अजून पुष्कळ आहे, कारण कुठल्याच बिल्डरला तीन नाराज म्हातारी माणसं आणि कोर्टाची तारीख नको असते. मास्तरांना सोबत घ्या, तिघं मिळून एक कागद करा, आणि तो करारात उतरल्याशिवाय घराची किल्ली देऊ नका.

त्या कागदात काय मागायचं? पहिलं, नव्या घराचं माप कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आतलं. बिल्डर ‘तुमच्या ९०० चे १३०० देतो’ म्हणाला तर ते १३०० सुपर बिल्ट-अप असतात. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज, गच्चीवरची केबिन आणि बहुधा बिल्डरची सद्भावनाही मोजलेली असते. तुमच्या आत्ताच्या घराची भिंतीच्या आतली मापं मास्तरांकडून काढून घ्या. शाळेत भूमिती शिकवत असतील तर छानच. आतल्या आत किती होते आणि आतल्या आत किती मिळणार, एवढाच हिशोब. दुसरं, मधल्या काळाचं भाडं. ते दरमहा ‘देऊ’ असं नको, आगाऊ चेक हवेत, आणि मुदतीत घर न मिळाल्यास भाडं वाढत जाईल असं लिहिलेलं हवं. वर बँक गॅरंटी. माझ्या माहेरच्यांनी ती मागितली असती तर सहा वर्षं लागली नसती. तिसरं, रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण. बिल्डर तुमच्या सोळा फ्लॅटखेरीज वर जास्तीचे फ्लॅट बांधून विकणार असेल (विकणारच, नाहीतर तो आला कशाला), तर त्याला प्रकल्प रेरात नोंदवावा लागतो. तिथे प्रकल्पासाठी ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात आणि ते त्याच प्रकल्पावर खर्चायचे असतात. नोंदणी क्रमांक आल्याशिवाय एक वीटही काढू देऊ नका.

आता झोपाळा. हसू नका, हा करारातला मुद्दा आहे. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये झोपाळा टांगायला कडी नसते, आणि मागाहून स्लॅबला भोकं पाडून बसवली तर ती धोक्याची. स्लॅब भरतानाच सळईला अडकवून कड्या टाकाव्या लागतात, त्याही तुळईखाली, झोपाळा भिंतीला आपटणार नाही एवढ्या अंतरावर. ‘फ्लॅट नं. अमुकच्या हॉलमध्ये चार कड्या, दोन ओळींत’ असं नकाशावर खुणेसकट लिहून घ्या. मी दोन कुटुंबांसाठी असा परिच्छेद लिहिला आहे. पहिल्यांदा बिल्डरचा वकील हसला, दुसऱ्यांदा स्वतःच म्हणाला, “बेन, आपल्या घरातही राहिलाच नाही हो.”

आणि तळमजला मात्र मागू नका. विश्वामित्रीची धोक्याची पातळी सव्वीस फूट, ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पस्तीसच्या वर गेली होती. तुमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं हे तुम्हीच लिहिलंय. त्या दिवसांत लोकांच्या अंगणात मगरी आल्या होत्या. नव्या बिल्डिंगला खाली पार्किंग राहील, तेव्हा पहिला मजला लिफ्टशेजारी आणि पूर्वेची बाल्कनी मागा. तुळशीला ऊन लागतं, तळमजल्याचा तिचा हट्ट नसतो.

प्रश्न : मॅडम, आम्ही दोघं नोकरी करतो, भायलीला टू बीएचके बघितला आहे. बिल्डर म्हणतो आता वीस टक्के भरा, अलॉटमेंट लेटर देतो, बानाखत पुढे करू. किमतीतला काही भाग रोखीत मागतोय, म्हणजे दस्तावेज कमी किमतीचा होईल आणि स्टॅम्प वाचेल. काय करावं?
– एक जोडपं, वाघोडिया रोड

बानाखत रजिस्टर झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त घेणं रेरा कायद्याने मनाई आहे. वीस टक्के मागणाऱ्याला हा नियम ठाऊक नाही असं होत नाही. दहा द्या, बानाखत करा, मग पुढचं.

रोखीचं तर बिलकूल नको. गुजरातेत स्टॅम्प ४.९ टक्के आणि रजिस्ट्रेशन फी एक टक्का. १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीची जंत्री (सरकारी दर) दुप्पट झाली, म्हणून हे कमी दाखवायचं प्रकरण आता पूर्वीइतकं ‘फायद्याचं’ही राहिलेलं नाही. पण खरी गोष्ट वेगळी आहे. उद्या प्रकल्प रखडला आणि पैसे व्याजासकट परत मागायला गेलात, तर कागदावर आहेत तेवढेच पैसे तुमचे. रोखीतले कुणी बघितले? वाचवायचंच असेल तर सरळ वाचवा : दस्तावेज फक्त बायकोच्या नावे केलात तर एक टक्का रजिस्ट्रेशन फी माफ होते. दोघांची नावं घातलीत की सवलत गेली. नवरोबांची तयारी असेल तर बघा. पत्राचं अक्षर त्यांचं दिसतंय.

भायली २०२० मध्ये महानगरपालिकेत आली, त्याआधी तिथे शेतं होती. टी.पी. स्कीममध्ये (नगररचना योजनेत) शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढतात आणि उरलेल्या जमिनीचा चौकोनी तुकडा परत देतात. मूळ तुकडा तो ओरिजिनल प्लॉट, परत मिळालेला तो फायनल प्लॉट. तुमच्या बिल्डिंगच्या कागदावर फायनल प्लॉटचा नंबर आहे का, आणि त्याच नंबरावर रजा चिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आहे का, एवढं टायटल बघणाऱ्या वकिलाला विचारा. राहायला जाताना बी.यू. परमिशन (इमारत वापरायची परवानगी) बघा. त्याशिवाय घेतलेला ताबा म्हणजे नुसती किल्ली.

पण या सगळ्याआधी एक दिवस जुलैत, पाऊस चालू असताना, स्कूटर घेऊन तिथे जा. आपलं बडोदं कांसांवर वसलेलं आहे. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस : पावसाचं पाणी नदीला नेणाऱ्या जुन्या वाटा. बऱ्याच ठिकाणी त्यांवर भराव पडले, बांधकामं झाली, आणि पाणी मात्र जुनी वाट विसरलं नाही. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमधल्या मुलीला काही विचारू नका. तिला एसीत बसवलेलं असतं. कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्लेवाल्याला विचारा, २०२४ ला पाणी कुठपर्यंत होतं. तो गल्ल्याच्या पाटीवर हात ठेवून दाखवेल.

प्रश्न : आमच्या दांडिया बाजारच्या बिल्डिंगमध्ये वीसपैकी सात घरं मराठी राहिली आहेत. पूर्वी सगळी होती. गणपतीला आरतीला माणूस मिळत नाही. फ्लॅट मराठी माणसालाच विकावा असा नियम करता येईल का? तुम्ही आपल्या आहात म्हणून विचारतो.
– एक दुखावलेला बडोदेकर

दुखावलेले आहात म्हणून नीट सांगते. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी सोसायटीचा असा नियम उचलून धरला. पण ती सहकारी सोसायटी होती, सुरुवातीपासून तिच्या पोटनियमात ते लिहिलेलं होतं. तुमचे फ्लॅट स्वतंत्र मालकीचे आहेत असं पत्रावरून दिसतं. ज्याने कागदावर बिनअट विकत घेतलंय त्याच्यावर तुम्ही आज अट घालू शकत नाही. कायद्याचं उत्तर एवढंच.

बिनकायद्याचं असं, की तो नियम पाळणार कोण? उरलेल्या सात घरांतल्या किती जणांची मुलं बडोद्यात आहेत? हिंजवडीला आहेत, कॅनडात आहेत, आणि आईवडील गेले की तीच फोन करून विचारतात, “काकू, जास्तीत जास्त कोण देईल?” माझ्या अंदाजाने तेरा घरांपैकी एकही घर बाहेरच्यांनी जबरदस्तीने घेतलेलं नाही. तेराही मराठी माणसांनीच विकली.

शिवाय आपण तरी दांडिया बाजारात कधीपासूनचे? १७३४ मध्ये बडोदं गायकवाडांकडे आलं, त्यांच्या पाठोपाठ देशावरून, कोकणातून कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य आले. मूळच्या लोकांना आपण बाहेरचेच वाटलो असणार. दांडिया बाजारातलं जे घर आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो ते अरविंद घोषांचं, बंगाल्याचं. ज्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचा आपल्याला केवढा अभिमान, ते माणिकरावांनी आपल्या मुसलमान वस्तादाच्या नावाने चालवलं. हे तुम्हालाही ठाऊक आहे, रागात आठवलं नसेल.

आरतीला माणूस हवा असेल तर वरच्या मजल्यावरच्या गुजराती मुलांना ‘सुखकर्ता’ गुजराती लिपीत लिहून द्या. आमच्या बिल्डिंगमध्ये चार वर्षं झाली. टाळ्या आपल्यापेक्षा बरोबर पडतात, ‘संकष्टी पावावे’ला मात्र अजून सगळे गडबडतात, त्यात मराठीही आले.

प्रश्न : वाडी भागात १९६१ पासून भाड्याने राहतो. भाडं साठ रुपये. मालकांशी आमचे संबंध चांगले होते. ते वारले, मुलाला पाडून बांधायचंय; म्हणतो दोन लाख घ्या आणि निघा, नाहीतर छप्पर पडेल तेव्हा निघालच. भाडं घ्यायचंही बंद केलंय. भिंतीला चीर पडली आहे.
– एक भाडेकरू, वाडी

भाडं घेत नाही म्हणून देणं थांबवू नका, तेच त्याला हवंय. दर महिन्याला मनीऑर्डर करा, नाकारलेल्या पावत्या जपून ठेवा. मुंबईचा १९४७ चा भाडेकायदा आपल्याकडे गुजरातेत अजून चालतो आणि पाडून बांधायचं म्हणणाऱ्या मालकाला तुम्हाला तोंडी सांगून काढता येत नाही; त्याला कोर्टात यावं लागतं. दुसरीकडे, ज्या घराचे साठ रुपये येतात त्याची कौलं त्याने कशाने बदलावीत, हाही प्रश्न आहे. मी दोन्ही बाजूंची वकिली केली आहे. मुलाला एकदा चहाला बोलवा. वडिलांशी तुमचे संबंध चांगले होते असं लिहिलंय, तेवढं भांडवल अजून शिल्लक आहे. दोन लाखांत निघू नका. मात्र भिंतीला जी चीर पडली आहे म्हणता, ती इंजिनियरला दाखवून घ्या आणि लेखी घ्या. हे उद्याच करा, भाड्याचं परवा.

शेवटी, ज्यांनी पत्र लिहिलंच नाही, नुसती प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स पाकिटात घालून पाठवली त्यांना : नाव खोडलेलं आहे एवढं दिसतंय, पण कुणाच्या हुकमाने आणि कधी, ते मागच्या पानावर असतं. मागची बाजू पाठवा. आणि सोबत काय विचारायचंय तेही दोन ओळींत लिहा.